एक फोटो, अर्धा तास

अकोल्यात मी लग्नाचे फोटो काढतो आणि रविवारी हौशी पोरापोरींना फोटोग्राफी शिकवतो. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, हे त्यांचे पहिले प्रश्न. मी त्यांच्यापुढे एक छापील फोटो ठेवतो आणि सांगतो, अर्धा तास फक्त हाच बघा.

तो फोटो फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा, 1932 सालचा. पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनामागे पाणी साचलंय आणि एक माणूस त्यावरून उडी घेतोय. "भाऊ, एक माणूस त उडी मारून रायला, यात काय एवढं?" असं कोणीतरी हमखास विचारतं. मग मी ट्रेसिंग पेपर देतो. फोटोवर तो ठेवायचा आणि पेन्सिलीने फक्त मोठे आकार काढायचे.

पेन्सिल फिरू लागली की एकेक गोष्ट दिसायला लागते. माणसाची टाच पाण्याला टेकायला जेमतेम जागा उरली आहे. खाली त्याचंच उलटं प्रतिबिंब आहे. मागच्या पोस्टरवर एक नर्तकी झेपावते आहे, तीही त्याच्या विरुद्ध दिशेने. पाण्यात शिडी आडवी पडली आहे, तिच्यावरूनच त्याने उडी मारली. आता त्या पोस्टरवर बोट ठेवा. उडी राहते, पण तिला मागून मिळणारा प्रतिसाद नाहीसा होतो. काय झाकलं की फोटो ढासळतो, हे शोधणं म्हणजेच रचनेचा अभ्यास. चौकटीचे तीन भाग पाडण्याचा नियम सुरुवातीला कामाचा आहे, पण हे तो शिकवत नाही.

हा फोटो कुंपणाच्या फटीतून काढलेला आहे. एका बाजूला आलेला आडोसा ब्रेसाँ यांनी नंतर कापला. एरवी ते फोटो कापायच्या विरोधात होते. चौकट कॅमेऱ्यातच जमली पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

आपल्याकडची गर्दी कशी मांडावी, हे दुसरे गुरू, फोटोग्राफर रघुबीर सिंग यांच्याकडून शिकावं. अॅम्बॅसेडर गाडीतून त्यांनी भारत टिपला. त्या फोटोंचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर, 2002 मध्ये आलं. गाडीची दारं, काचा आणि आरसे यांनी ते एकाच फोटोचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात वेगळं काही चाललेलं असतं. अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला जाताना एसटीच्या खिडकीशी बसून हे करून बघा. खिडकीची दांडी चौकटीबाहेर काढायची धडपड करू नका, तिलाच कामाला लावा.

तिसरे गुरू आपल्याच मातीतले. सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. मुंबईच्या सफाई कामगारांचं जिणं त्यांनी वर्षानुवर्षं कृष्णधवल फोटोंतून मांडलं. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो बघताना मी पोरांना एकच विचारतो : फोटोग्राफर किती जवळ उभा आहे? अंतर हासुद्धा रचनेचाच भाग आहे. लांबून झूम लावून घेतलेला माणूस आणि दोन पावलांवर उभं राहून, त्याच्याशी बोलून टिपलेला माणूस, यांतला फरक चेहऱ्यावर उमटतो.

मग आम्ही बाहेर पडतो. श्रावणात पूर्णा नदीचं पाणी घेऊन कावडी अकोल्याच्या राजराजेश्वर मंदिरात येतात, तेव्हा सगळे खांद्यांवरच्या भरण्यांवर, म्हणजे पाण्याच्या घागरींवर, कॅमेरा रोखतात. मी सांगतो, आधी पार्श्वभूमी निवडा. स्वच्छ भिंत, दुकानाची पाटी, गॅलरीतली माणसं. तिथे उभे राहा आणि कावड चौकटीत येण्याची वाट बघा. ब्रेसाँ असंच करत. जागा हेरायची आणि थांबायचं.

मोबाइलवर बोट सरकवत शंभर फोटो बघितल्याने नजर तयार होत नाही. गावातल्या वाचनालयात जा, एखाद्या मोठ्या फोटोग्राफरचं पुस्तक मागा, त्यातला एकच फोटो निवडा आणि पेन्सिल घेऊन बसा. नवा कॅमेरा नंतर घ्या.