नील-हरित शैवलांचे विष आणि खानदेशातील साठविलेले पाणी

गिरणा, पांझरा, बोरी या खानदेशातील नद्या पावसाळा सरताच क्षीण होतात, आणि पुढील कित्येक महिने माणसे व गुरे साठविलेल्या पाण्यावर जगतात. जळगाव शहरास वाघूर धरणाचे पाणी मिळते, धुळ्यास नकाणे तलावाचा आधार आहे, आणि गावोगावी पाझर तलाव व कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. पाणी आटून उथळ होते; सांडपाणी, शेणमूत आणि केळी-कापसाच्या शेतांतून वाहून आलेले नत्र व स्फुरद त्यात साचून राहते. अशा स्थिर, उष्ण व पोसलेल्या पाण्यात नील-हरित शैवले माजतात.

यांस शैवल म्हणण्याचा प्रघात असला, तरी पेशीत केंद्रक नसल्यामुळे ती वस्तुतः जीवाणूंच्या वर्गातील होत. पाटात वा विहिरीत दिसणारे लांब तंतूंचे हिरवे गोंडाळ निराळे. ते काठीने उचलता येते. मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शैवलाची साय काठीवर धरत नाही, हिरवा रंग ओतावा तशी पाण्यावर पसरते. त्याच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात; त्यांच्या योगे ते वर येते, आणि मंद वाऱ्यासरशी एका काठास जमते. मध्यभागी विरळ असलेले हे शैवल काठाशी हजारपट दाट होऊ शकते. म्हैस पाणी पिते ती नेमकी तेथेच.

ही गोष्ट प्रथम शास्त्रीय नोंदीत आली १८७८ साली. ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराच्या काठची जनावरे मरू लागली, तेव्हा जॉर्ज फ्रान्सिस याने 'नेचर' या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. वाऱ्याने काठाशी लोटलेली साय पोटात गेल्यावर मेंढ्या एक ते आठ तासांत मरत. घोडे अधिक काळ तग धरीत. पुढे या विषांचे दोन मुख्य प्रकार ओळखले गेले. मायक्रोसिस्टिन हे यकृतावर घाला घालते: पेशींतील प्रथिनांचे नियमन करणारी विकरे ते निकामी करते, पेशींचा सांगाडा ढासळतो, आणि यकृतातच रक्तस्राव होऊन जनावर दगावते. ॲनाटॉक्सिन मज्जातंतूंवर परिणाम करते. त्याने श्वसनाचे स्नायू लुळे पडून काही मिनिटांतही मृत्यू येतो. सर्वच साय विषारी नसते, परंतु एकाच जातीत विषारी व निर्विष असे दोन्ही वाण असल्यामुळे डोळ्यांनी निवाडा करता येत नाही.

माणसांच्या बाबतीत १९७९ साली क्वीन्सलँडजवळील पाम बेटावर घडलेली घटना आपल्याकडे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथील जलाशयातील शैवल मारण्यासाठी मोरचूद टाकण्यात आले. शैवल मेले, आणि काही दिवसांतच १४८ माणसे, त्यांतही बहुतेक मुले, यकृतदाहासारख्या विकाराने आजारी पडली. कारण असे की, जिवंत पेशीत विष बहुतांशी आतच कोंडलेले असते. पेशी फुटली की ते पाण्यात मिसळते. मोरचूद आपल्या शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचे आहे आणि तलावात ते टाकण्याचा मोह स्वाभाविक आहे, म्हणून हे विस्ताराने सांगावे लागले. काठाशी सायीचा रंग हिरव्याचा निळा होऊ लागला, तर पेशी फुटू लागल्या असे समजावे.

दुसरा भरवशाचा उपाय पाणी उकळण्याचा. पटकीच्या जंतूंस तो पुरेसा आहे; मायक्रोसिस्टिन मात्र उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरची मर्यादा नित्य सेवनासाठी लिटरला एक मायक्रोग्रॅम अशी सुचविली आहे. शुद्धीकरण केंद्रात क्रम महत्त्वाचा ठरतो: आधी तुरटीने व वाळूच्या गाळणीने पेशी अखंड काढाव्यात, मग क्लोरीन द्यावा. क्लोरीन मायक्रोसिस्टिन नष्ट करतो खरा, पण पाणी फार अल्कधर्मी असल्यास त्याचे बळ घटते. आणि शैवल माजलेले पाणी दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे अल्कधर्मी होत जाते, ही मोठी पंचाईत आहे.

सर्वांत दारुण प्रसंग ब्राझीलमधील कारुआरू येथील. १९९६ साली तेथील डायलिसिस केंद्रात अपुरे शुद्ध केलेले पाणी वापरले गेले आणि ५० हून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन मरण पावले. डायलिसिसच्या एका खेपेस सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशी केवळ एका पातळ पडद्याआडून संपर्कात येते. तेथे जठराचा अडसर नसतो. जळगाव-धुळ्यातही आता अशी केंद्रे आहेत, आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी कोणत्या तलावातून भरले जाते याची विचारणा तेथे अगत्याची आहे.

गुरे पाळणाऱ्यास सायीच्या काठावरून जनावरे वळविणे, अथवा आतले पाणी काढून हौदात पाजणे शक्य असते. साय अंगास लागलेली म्हैस धुवावी. कुत्री अंग चाटून विष पोटात घेतात, त्यांस तर अशा पाण्यात उतरूच देऊ नये. अशा तलावातील मासे खाणाऱ्यांनी आतडी व यकृत काढून टाकावे, कारण विष मांसापेक्षा तेथे अधिक साठते.