कंपवाताची जनुकीय जोखीम आणि निरोगी राहिलेली माणसे

लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांच्या निरीक्षणांवर आधारलेला आपला निबंध प्रसिद्ध केला, त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कंपवाताच्या आनुवंशिकतेविषयीचे वैद्यकाचे मत स्थिर असे झालेच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम गॉवर्स यांनी आपल्या काही रुग्णांच्या घराण्यांत हा रोग पूर्वीही होऊन गेल्याचे नोंदवले होते. परंतु बहुसंख्य रुग्णांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना तो झालेला नसे, आणि त्यावरून या रोगाचा रक्ताच्या नात्याशी फारसा संबंध नाही, असा निष्कर्ष सहजपणे काढला जाई. गेल्या चाळीस वर्षांतील संशोधनाने जे मिळवले त्यात या निष्कर्षाची फेरतपासणी सर्वांत मोलाची ठरते, कारण जोखीम अंगी असूनही निरोगी राहिलेल्या नातेवाइकाला त्यामुळेच अभ्यासात स्वतंत्र स्थान मिळाले.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी वारे पूर्णपणे पर्यावरणाच्या बाजूने वाहत होते. कॅलिफोर्नियात १९८२ साली कृत्रिम हेरॉइन टोचून घेणाऱ्या काही तरुण व्यसनींना अचानक प्रगत कंपवातासारखी लक्षणे दिसू लागली, आणि विल्यम लँगस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिले की त्या मालात भेसळ म्हणून आलेले एमपीटीपी हे रसायन मध्यमेंदूतील ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर भागातील, म्हणजे हालचालींच्या नियंत्रणासाठी लागणारे डोपामिन तयार करणाऱ्या, चेतापेशींचा नाश करते. त्याच वर्षी अमेरिकेतील एका जुळ्यांच्या अभ्यासात अशी ४३ एकबीज जोडपी तपासली गेली की ज्यांतील एकाला कंपवात होता, आणि त्यांपैकी केवळ एका जोडप्यात दोघांनाही तो निश्चितपणे आढळला. ज्यांची जनुके सारखीच आहेत अशा दोघांपैकी एक आजारी पडतो आणि दुसरा पडत नाही, तर दोष जनुकांत नाही, हा युक्तिवाद त्या काळी जवळजवळ निर्णायक मानला गेला. त्यात एक मोठी उणीव होती. दुसरे जुळे तपासणीच्या दिवशी निरोगी होते एवढेच त्यातून सिद्ध होत होते. रोगाची सुरुवात दोघांत अनेक वर्षांच्या अंतराने होऊ शकते, आणि मेंदूतील ऱ्हास लक्षणांच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, याचा हिशेब धरलेलाच नव्हता. १९९९ साली पाओला पिचिनी आणि सहकाऱ्यांनी पेट तपासणीने, म्हणजे किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने मेंदूतील डोपामिन यंत्रणेची प्रतिमा घेऊन, पाहिले तेव्हा लक्षणे असोत वा नसोत, दोन्ही भावंडांत बिघाड आढळण्याचे प्रमाण एकबीज जोडप्यांत ५५ टक्के आणि द्विबीज जोडप्यांत १८ टक्के निघाले. कॅरोलिन टॅनर यांनी त्याच वर्षी दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांच्या जुळ्यांवरून मात्र असे दाखवले की पन्नाशीच्या आत सुरू होणाऱ्या रोगात आनुवंशिकतेचा वाटा ठळक असतो, तर त्यानंतर सुरू होणाऱ्या रोगात एकबीज आणि द्विबीज जुळ्यांत फारसा फरक उरत नाही. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तरच चित्र कळते.

दरम्यान इटलीतील सालेर्नो प्रांतातल्या कोंतुर्सी या गावाने प्रश्नाची दिशा बदलली होती. तेथून अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या आणि गावातच राहिलेल्या शाखांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कंपवात होत आल्याचे लॉरेन्स गोल्ब, रॉजर ड्यूव्हॉइसिन आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी १९९० साली नोंदवले. आनुवंशिकतेला जवळजवळ निकालात काढणाऱ्या जुळ्यांच्या अभ्यासातही हेच ड्यूव्हॉइसिन सहभागी होते, आणि पुराव्यासमोर मत बदलण्याची त्यांची तयारी या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे. मिहाएल पॉलिमेरोपूलोस यांच्या गटाने १९९६ साली या घराण्यातील दोषाचे स्थान चौथ्या गुणसूत्रावर निश्चित केले आणि १९९७ साली तो दोष अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाच्या जनुकात असल्याचे दाखवले. त्याच वर्षी मारिया ग्राझिया स्पिलांतिनी, मिशेल गेडर्ट आणि सहकाऱ्यांना आढळले की रुग्णांच्या चेतापेशींत साचणारे ‘लेवी पिंड’ याच प्रथिनाने भरलेले असतात, आणि हे घराण्यात रोगाचा मागमूस नसलेल्या रुग्णांतही खरे होते. एका दुर्मीळ घराण्यातील दोष आणि हजारो सामान्य रुग्णांच्या मेंदूतील गाळ यांचा दुवा असा काही महिन्यांत जुळला.

या दुव्याला मात्रेचे परिमाण मिळाले ते २००३ साली. अमेरिकेतील आयोवा येथील एका घराण्यात सायन्यूक्लिनचे जनुक बिघडलेले नव्हते. एका गुणसूत्रावर त्याच्या तीन प्रती झाल्यामुळे दोनऐवजी चार प्रती होत्या, आणि तेथे रोग फार लवकर व तीव्रपणे येत असे. पुढे तीन प्रती असलेली घराणी सापडली, ज्यांत तो उशिरा आणि तुलनेने सौम्य होता. निर्दोष प्रथिनही प्रमाणाबाहेर झाले की घातक ठरते, असा त्याचा अर्थ, आणि त्यामुळे जोखीम ‘आहे किंवा नाही’ अशी न मोजता चढत्या-उतरत्या प्रमाणात मोजणे शक्य झाले. जपानमध्ये १९९८ साली सापडलेले पार्किन जनुक, तसेच डीजे-१ आणि पिंक-१ ही जनुके तरुण वयातील रोगाशी संबंधित असून त्यांत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात; पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या, म्हणजे तंतुकणिकांच्या, देखभालीवर त्यांनी प्रकाश टाकला.

निरोगी वाहकांचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा केला तो एलआरआरके-२ या जनुकाने. २००४ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे ते शोधले, आणि त्यातील जी२०१९एस हा फेरबदल अश्केनाझी ज्यू तसेच उत्तर आफ्रिकेतील अरब रुग्णांत विलक्षण वारंवार आढळतो हे २००६ साली स्पष्ट झाले. उत्तर आफ्रिकेतील रुग्णांत त्याचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते. हा फेरबदल प्रभावी स्वरूपाचा, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी पुरेसा असतो. तरीही २००८ सालच्या एका मोठ्या अभ्यासात वाहकांना ५९ व्या वर्षापर्यंत रोग होण्याची शक्यता २८ टक्के, ६९ पर्यंत ५१ टक्के आणि ७९ पर्यंत ७४ टक्के आढळली, तर २०१५ साली अश्केनाझी रुग्णांच्या नातेवाइकांवरील अभ्यासात ८० व्या वर्षापर्यंतचा आकडा अवघा २६ टक्के निघाला. फेरबदल असलेल्यांपैकी प्रत्यक्षात किती जणांत रोग प्रकट होतो या प्रमाणातील एवढी तफावत मुख्यत्वे निवडीतून येते, कारण अनेक रुग्ण असलेली घराणीच संशोधकांच्या दवाखान्यात आधी पोहोचतात आणि ज्या घरात वाहक असूनही कोणी आजारी पडले नाही ते घर मोजणीत येतच नाही. निरोगी माणसे मोजायची राहून गेली, म्हणून जोखीम फुगून दिसली.

जीबीए या जनुकाची कथा याला पूरक आहे. दोन्ही प्रती बिघडल्या तर पेशीतील टाकाऊ द्रव्यांचे विघटन करणाऱ्या कोशिकांत, म्हणजे लायसोसोममध्ये, मेद साचून गोशे रोग होतो. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एलेन सिड्रान्स्की यांच्या गटाचे लक्ष गोशे रुग्णांच्या नातेवाइकांतील कंपवाताकडे गेले, आणि २००९ साली सोळा केंद्रांच्या एकत्रित विश्लेषणातून असे निष्पन्न झाले की एकच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता निरोगी व्यक्तींपेक्षा कंपवाताच्या रुग्णांत पाचपटींहून अधिक असते. त्यातही बहुसंख्य वाहकांना कंपवात कधीच होत नाही.

ही सूट कशाने मिळते, हे शोधण्याचे साधन २००९ नंतर हाती आले. संपूर्ण जनुकसंचातील लाखो स्थानांवरील किरकोळ फेरबदल हजारो रुग्ण आणि निरोगी व्यक्तींमध्ये ताडून पाहणाऱ्या अभ्यासांनी २०१९ पर्यंत जोखमीशी निगडित ९० स्वतंत्र संकेत नोंदवले, आणि त्यांची बेरीज करून प्रत्येक व्यक्तीचा एकत्रित जोखीम-गुणांक काढता येऊ लागला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हा गुणांक कमी असलेल्या जी२०१९एस वाहकांत रोगाचे प्रमाणही कमी आढळले, आणि जीबीए वाहकांची जोखीम सायन्यूक्लिन तसेच लायसोसोममधील कॅथेप्सिन-बी या विकराच्या जनुकाजवळील फेरबदलांनी बदलते असे दिसले. याच्या पुढचे पाऊल २०२२ साली थॉमस गासर, सारा बांद्रेस-सिगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकले. जोखीम-गुणांक सर्वाधिक असलेल्या वरच्या चतुर्थांशातील निरोगी माणसे त्यांनी वेगळी काढली, तितकीच जोखीम असलेल्या रुग्णांशी त्यांची तुलना केली, आणि ज्ञात जोखीम-स्थाने वगळल्यावर उरणाऱ्या फरकांतून तग धरण्याच्या क्षमतेचा गुणांक तयार केला. ‘कमी जोखीम’ आणि ‘तग धरणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पद्धतीतच अंतर्भूत आहे: पहिलीत भार कमी असतो, दुसरीत भार तोच असूनही माणूस आजारी पडत नाही. मात्र एकेका फेरबदलाचा परिणाम इथे अतिशय लहान असतो, आणि गुणांक समूहाविषयी जे सांगतो ते एका व्यक्तीच्या भवितव्याबद्दल सांगत नाही. होनोलुलूतील जपानी वंशाच्या पुरुषांत कॉफी पिणाऱ्यांना हा रोग कमी होतो असे २००० साली दिसले, त्यालाही अशीच मर्यादा आहे. रोगाच्या मूक अवस्थेतच आवडीनिवडी बदलत असतील तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होऊ शकते.

या सर्व उभारणीचा पाया बव्हंशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या नमुन्यांवर आहे, आणि ती तिची सर्वांत मोठी त्रुटी म्हणावी लागेल. २०२३ साली नायजेरियातील आणि अन्य आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींच्या अभ्यासात जीबीए जनुकातच असा एक फेरबदल सापडला, जो युरोपीय वंशाच्या लोकांत जवळजवळ आढळत नाही. भारतात जी२०१९एस दुर्मीळ आहे, म्हणजे त्याभोवती रचलेले ज्ञान येथे थेट लागू होत नाही. मुंबईतील पारशी वसाहतींत नदीर भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत, जी १९८८ साली प्रसिद्ध झाली, कंपवाताचे प्रमाण लाखामागे ३२८ इतके आढळले होते. समाजातील वृद्धांचे मोठे प्रमाण लक्षात घेऊनच तो आकडा वाचावा लागतो, तरी आपापसांत विवाह करणारा, दीर्घायुषी आणि दारोदार मोजला गेलेला समाज तग धरण्याच्या क्षमतेच्या अभ्यासाला किती अनुकूल ठरू शकतो, हे त्यावरून सहज कळावे. भारतीय केंद्रे आता रुग्णांचे जनुकीय नमुने जमवत आहेत. त्यांनी रुग्णाबरोबर आलेल्या सत्तरीपुढच्या, हात न थरथरणाऱ्या भावाबहिणींचे रक्तही, त्यांची संमती घेऊन आणि पुढील अनेक वर्षे त्यांची विचारपूस करण्याची तरतूद ठेवून, आवर्जून घ्यावे.