पडद्याचा आराखडा आणि त्याचीं साधनें

घर बांधणारा गृहस्थ विटा आणण्यापूर्वीं नकाशा काढवून घेतो. स्वयंपाकघर कोठें, जिना कोणत्या अंगास, हा वाद कागदावरच मिटलेला बरा. कागदावरची भिंत रबरानें पुसतां येते, उभारलेली भिंत पाडावयास मजूर लागतात. संकेतस्थळ किंवा मोबाईलवरील ॲप तयार करणारांची रीतहि हीच आहे. प्रोग्राम लिहिण्यापूर्वीं प्रत्येक पडद्याचा जो बिनरंगी, नुसत्या रेघांचा आराखडा काढतात त्यास वायरफ्रेम म्हणतात. त्यांतच रंग, खरीं अक्षरें व चित्रें भरून तो हुबेहूब केला म्हणजे मॉकअप झाला. हे दोन्ही काढण्याचीं संगणकीय साधनें आज इतकीं झालीं आहेत कीं, आपल्या दुकानासाठीं अगर संस्थेसाठीं संकेतस्थळ करवून घेणारा सुशिक्षित गृहस्थ त्यांच्या नांवांनींच गोंधळून जातो.

नांवांपेक्षां कामाकडे पाहिलें तर निवड सोपी होते, आणि त्यासाठीं पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्याकडे पाहावें. भीमा व नीरा यांच्या मधला हा तालुका ऊस, डाळिंब व द्राक्षें यांचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पूर्वीं तलाठी करीत असे ती पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून करूं लागला. गट क्रमांक निवडावयाचा, पीक व क्षेत्र भरावयाचें, आणि शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावयाचें. ही नोंद सातबाऱ्यावर चढते. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीनंतरची भरपाई, या सर्वांस तिचा आधार लागतो. भलतें बटण दाबलें गेलें तर साऱ्या हंगामाचा हिशेब चुकावयाचा.

आतां असा पडदा आखणाराची अडचण पाहा. तो थंड खोलींत, मोठ्या पडद्यापुढें बसलेला. वापरणारा दुपारच्या उन्हांत, एका हातांत मोबाईल धरून बांधावर उभा. डाळिंबाच्या दोन ओळींमध्यें कांदा असेल तर पीक कोणतें लिहावें? सामाईक गटांत आपल्या वाट्याचेंच क्षेत्र कसें भरावें? चूक झाली तर ती कोठें सुधारावी? ई-पीक पाहणीच्या २०२२ मधील आवृत्तींत, नोंद केल्यापासून ४८ तासांच्या आंत ती एकदां दुरुस्त करण्याची सोय झाली. ‘दुरुस्त करा’ हें बटण आराखड्यांत घालावयाचें म्हणजे पेन्सिलीची एक चौकट. चालू ॲपांत घालावयाचें म्हणजे नवी आवृत्ति काढून ती गांवोगांवच्या मोबाईलवर पोंचविणें आलें.

म्हणून पहिलें साधन कागद व पेन्सिल हेंच. मोबाईलएवढ्या चिठ्ठ्या कापाव्या, एकेकीवर एकेक पडदा काढावा आणि वापरणारापुढें मांडून त्याचें बोट कोठें अडतें तें पाहावें. कागदाचा आणखी एक गुण असा कीं, त्यास नांवें ठेवण्यास कोणी भीत नाहीं. चकचकीत मॉकअप पुढें ठेवला कीं पाहणारा ‘छान आहे’ म्हणून मोकळा होतो, नाहीं तर हिरव्या रंगाच्या छटेवरच बोलत बसतो. २००८ सालीं निघालेलें बाल्सामिक हें साधन याच समजुतीवर उभें आहे; त्यांतील चौकटी व बटणें मुद्दाम हातानें काढल्यासारखीं वांकडीं दिसतात. त्याचें स्वतःचें हस्ताक्षरी वळण रोमन व सिरिलिक लिपींपुरतेंच आहे आणि देवनागरी मजकूर निराळ्या वळणांत उमटतो, पण नुसत्या रेघांच्या आराखड्यास तेवढें चालून जातें.

मॉकअपला तें चालत नाहीं. मराठी पडद्यासाठीं साधन घेणारानें पहिल्याच दिवशीं त्यांत एक शब्द लिहून पाहावा: ‘शेतकऱ्याला’. या एका शब्दांत तीन परीक्षा आहेत. श आणि ल यांचीं मराठी वळणें हिंदी वळणांहून निराळीं आहेत, आणि पुष्कळ फाँट हिंदी वळणच पुढें करतात. ‘ऱ्य’ हें जोडाक्षर तर हिंदीला लागतच नाहीं; फाँट कच्चा असला तर तें फुटून मध्यें पायमोडका र उभा राहतो. मग ‘निर्मिती’ लिहावें: पहिली वेलांटी डावीकडे आणि रफार डोक्यावर बसला पाहिजे. फोटोशॉपसारख्या नांवाजलेल्या साधनांतहि पुष्कळ वर्षें दक्षिण आशियाई लिपींची मांडणी वेगळी निवडावी लागे. ती न निवडल्यास वेलांटी भलत्या जागीं जाऊन पडे. फाँटाची अडचण असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ विनामूल्य मिळतो. शिवाय इंग्रजी ‘सेव्ह’ मावतें तेवढ्या चौकटींत ‘जतन करा’ मावेलच असें नाहीं, आणि वर रफार, खालीं उकार असल्यानें दोन ओळींत अंतरहि अधिक सोडावें लागतें. ‘लोरेम इप्सम’ हा लॅटिनसारखा दिसणारा निरर्थक मजकूर भरून काढलेला मॉकअप मराठी पडद्याविषयीं कांहींच सांगत नाहीं.

राहतां राहिला प्रश्न आराखडा कोणाच्या हातीं राहतो हा. २०१६ सालीं सर्वांस खुलें झालेलें फिग्मा ब्राउझरांतच चालतें. पुण्याचा आखणारा, बारामतीचा प्रोग्रामर व इंदापूरचा गिऱ्हाईक एकाच वेळीं एकच पडदा पाहूं शकतात. त्याचा आजचा प्रसार यामुळेंच. परंतु काम राहतें कंपनीच्या यंत्रांवर, आणि कंपन्यांचें चित्त स्थिर नसतें. ॲडोबीनें २०२२ च्या सप्टेंबरांत फिग्मा वीस अब्ज डॉलरांस घेण्याचें जाहीर केलें आणि २०२३ च्या डिसेंबरांत तो बेत सोडला. तिचें स्वतःचें एक्सडी २०२३ पासून वेगळें विकलें जात नाहीं. इनव्हिजन हें एके काळचें लोकप्रिय साधन तर २०२४ अखेर बंदच झालें. स्केच चांगलें, पण आखणी करावयास ॲपलचाच संगणक पाहिजे. या दृष्टीनें स्पेनमधील पेनपॉट विचारांत घेण्यासारखें आहे: तें मुक्त स्रोताचें आहे, आणि संस्थेस आपल्याच संगणकावर बसवितां येतें. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानासारख्या, जेथें संगणकविद्या शिकविली जाते अशा ठिकाणीं, विद्यार्थ्यांस शिकविण्यास तें सोयीचें पडेल. साधन कोणतेंहि असो, मूळ फाईल आणि प्रत्येक पडद्याची पीडीएफ प्रत गिऱ्हाइकास मिळावी, हें करारांतच लिहून घ्यावें.

मॉकअप संगणकावर पाहून मंजूर करूं नये. त्याचा दुवा साध्या, स्वस्त मोबाईलवर उघडावा आणि दुपारीं अंगणांत जाऊन वाचून पाहावा. पांढऱ्यावरचीं फिकट करडीं अक्षरें, जीं खोलींत इतकीं सुबक वाटत होतीं, तीं तेथें दिसतच नाहींत.