विंडोज 10 गेली, आता काउंटरवर काय?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. अपडेट थांबले म्हणून मशीन थांबत नाही. त्यामुळे पारशिवनीच्या बाजारात त्या तारखेने फारसं काही बिघडलं नाही. कृषी केंद्रांची बिलं निघत राहिली, झेरॉक्सच्या दुकानांत फॉर्म भरले जात राहिले. विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं: "मशीन चालते ना भाऊ, मग कायले हात लावता?"

हात लावायचं कारण असं, की विंडोजमध्ये यापुढे जी भोकं सापडतील, ती या मशीनवर बुजवली जाणार नाहीत. याच मशीनवर दुकानाच्या करंट खात्याचं नेटबँकिंग होतं, जीएसटीचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला असतो आणि शेजारचा पोरगा पेनड्राइव्ह लावून फोटो काढून घेतो. घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर चार फोटो जातात. दुकानाच्या मशीनमध्ये शिरला तर वर्षभराची उधारी जाते.

सरळ उपाय विंडोज 11चा, पण तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे 2017 नंतरचा हवा. तालुक्याच्या गावातली बरीच मशीन मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेली, नागपूरहून सेकंडहँड आणलेली. चौथ्या किंवा सहाव्या पिढीचा आय-5, त्यात नवी एसएसडी टाकलेली. पळतात छान, पण विंडोज 11च्या दारात अडतात.

पैसे भरून मुदत वाढवता येते. कंपन्यांसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेला दर एका मशीनमागे पहिल्या वर्षी 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि फार तर तीन वर्षं. तिन्ही वर्षांचे मिळून 427 डॉलर होतात. एवढ्यात विंडोज 11 चालेल असं सेकंडहँड मशीन येतं, म्हणजे एका दुकानासाठी हा सौदा नाही.

मग उरतो तो उपाय ज्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. मेकॅनिक येतो, पेनड्राइव्ह लावतो, अर्ध्या तासात 'विंडोज मारून' देतो आणि ती खरी आहे असं मशीनला वाटावं म्हणून एक ॲक्टिव्हेटरही चालवतो. तो ॲक्टिव्हेटर कुठून आला आणि आत आणखी काय करतो, हे मेकॅनिकलाही माहीत नसतं. कायद्याचं म्हणाल तर 1957च्या कॉपीराइट कायद्यातलं 63-ब हे कलम चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठीच आहे: किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्टाला शिक्षा सौम्य करता येते. दुकानदाराला ती सवलत नाही.

या पार्श्वभूमीवर लिनक्सचं नाव निघतं. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने 1991मध्ये सुरू केलेलं हे काम आज आपल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. त्यामुळे 'आपल्याला ते जमणार नाही' असं म्हणणारे रोज तेच वापरत असतात. डेस्कटॉपसाठी उबंटू किंवा लिनक्स मिंट घ्यावं. उबंटूच्या 24.04 आणि मिंटच्या 22 या आवृत्त्यांना 2029पर्यंत अपडेट मिळणार आहेत, फुकट आणि कायदेशीर. विंडोज 11ने नाकारलेला तो सहाव्या पिढीचा आय-5 यावर आरामात चालतो.

एवढं ऐकून लगेच बदलून टाकावंसं वाटतं. पण दुकान प्रिंटरवर आणि टॅलीवर चालतं, तेव्हा आधी तिकडे बघू.

कॅनन एलबीपी 2900 आणि एचपी लेझरजेट 1020 हे दोन लहान लेझर प्रिंटर गावोगावच्या झेरॉक्स दुकानांत आणि ऑफिसांत वर्षानुवर्षं पानं ओकत आहेत. दोघांचं कार्ट्रिज 12ए जातीचं, कुठेही रिफिल होणारं, म्हणून ते मरतच नाहीत. या प्रिंटरना स्वतःचं डोकं जवळजवळ नाही. पानावर कुठे काळं, कुठे पांढरं हे कॉम्प्युटरनेच ठरवून कंपनीच्या खास भाषेत कळवावं लागतं. एचपी 1020चं लिनक्सवर जमतं: एचपीचं एचपीलिप हे सॉफ्टवेअर आणि त्याचं प्लगइन एकदा टाकलं की काम होतं. कॅनन 2900 मात्र रडवतो. त्याचा कॅप्ट ड्रायव्हर जुन्या काळातला आहे. काळ्या खिडकीत कमांड टाकून तो बसवावा लागतो आणि एखाद्या अपडेटनंतर पुन्हा रुसतो. दारात दाखल्यासाठी दहा माणसं उभी असताना हे परवडत नाही. एप्सनचे अलीकडचे टाकीवाले प्रिंटर मात्र सहसा मुकाट्याने छापतात, आणि बारकोड स्कॅनरचा तर प्रश्नच नाही, कारण कॉम्प्युटरला तो कीबोर्डच वाटतो.

टॅलीचं उत्तर सोपं आहे: टॅली प्राइम विंडोजसाठी बनलं आहे. लिनक्सवर ते वाइन नावाच्या युक्तीने चालवणारे आहेत, पण मार्च महिन्यात लायसन्स रुसलं तर कुणाला फोन करणार? टॅली जिथे आहे तिथे विंडोजच ठेवावी, आणि खरी ठेवावी. जीएसटी पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतं, तिथे लिनक्सची अडचण नाही. मात्र वार्षिक रिटर्नची ऑफलाइन एक्सेल फाइल मॅक्रोंवर चालते आणि लिब्रे ऑफिसमध्ये ते मॅक्रो चालतील याचा भरवसा नाही. कन्हानकडे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, कोळसा खाणी आहेत. तिथल्या ई-निविदा भरणाऱ्याकडे डिजिटल सहीचं टोकन असतं. टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण निविदेची मुदत संपायला तास उरलेला असताना ते शोधायला बसू नये. अंगठा घेऊन पैसे देणाऱ्या केंद्रचालकाने आपल्या यंत्राची आरडी सर्व्हिस लिनक्ससाठी मिळते का, हे विक्रेत्याला आधी विचारून घ्यावं.

मराठीचं दुखणं निराळं. लिनक्सवर युनिकोड मराठी उत्तम दिसते. त्यातल्या लोहित फॉन्टचं काम तर रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी केलं. पण श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली नव्या मशीनवर उघडल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं काम करणाऱ्याचा गल्ला कोरल ड्रॉ आणि फोटोशॉपवर चालतो. ही दोन्ही लिनक्ससाठी मिळत नाहीत. त्याने हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

म्युनिक शहराची गोष्ट या चर्चेत नेहमी येते. महापालिकेने 2003मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, 2013पर्यंत जवळजवळ 15 हजार कॉम्प्युटर बदलले आणि 2017मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. त्यामागे राजकारण होतंच, पण काही खात्यांची खास सॉफ्टवेअर शेवटपर्यंत विंडोजवरच अडकून राहिली होती, हेही खरं. उलट केरळच्या सरकारी शाळा बरीच वर्षं लिनक्सवर सुखाने चालल्या आहेत. तिथे काम एकाच प्रकारचं, काइट ही एकच संस्था सगळं बघते, आणि शिक्षकांना आधी शिकवलं, मग मशीन बदललं. मला केरळचं हे शेवटचं कारण सगळ्यात मोठं वाटतं. महाराष्ट्रात 2001पासून एमएस-सीआयटीने कॉम्प्युटर घरोघरी पोचवला, पण त्यातून कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि एक्सेल हेही पक्कं बसलं. कामाला येणारी मुलगी एक्सेल शिकून येते. तिच्यासमोर लिब्रे ऑफिस ठेवलं की पहिला आठवडा बटणं शोधण्यात जातो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिब्रे ऑफिसचे धडे मराठीत आणि फुकट आहेत. ते तिला दुकानाच्या वेळेतच बघू द्यावेत, घरी जाऊन बघ म्हणू नये.

आणि दुरुस्तीला कोण येणार? विंडोज बिघडली तर गावातच कुणीतरी सापडतं. लिनक्स जाणणाऱ्यासाठी बहुधा नागपूर गाठावं लागतं, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. वाचलेल्या लायसन्सचे पैसे तिकडे जाऊ शकतात, हे हिशेबात धरलंच पाहिजे. हा खरा खर्च आहे, पण लिनक्सचे प्रचारक तो सांगत नाहीत.

तरीही मी 'बदलू नका' म्हणणार नाही. सगळं दुकान नव्हे, एक टेबल बदला. नुसतं बिलिंग, व्हॉट्सॲप वेब, बँक आणि पोर्टलं बघायचं जे मशीन आहे, ते लिनक्सवर न्या. सगळ्यात जास्त धोका त्याच मशीनला आहे आणि सगळ्यात कमी अडचणही तिथेच येईल. टॅली, टोकन आणि जुन्या फाइलींसाठी विंडोज 11ची एक कायदेशीर मशीन ठेवा. नव्याने धंदा सुरू करणाऱ्याने मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट बघून ठेवावं. ते मुक्त आहे, ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे खाली विंडोज आहे की लिनक्स याने फरक पडत नाही. पण एका किराणा दुकानाला ते अंगापेक्षा मोठं होईल. तिथे त्याच कंपनीचं फ्रॅपे बुक्स पुरेल.

बदलण्याआधी मिंट पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच मशीन सुरू करून बघा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. प्रिंट निघते का, स्कॅनर वाचतो का, वायफाय लागतं का, सातबारा उघडतो का, एवढं एका दुपारी कळतं. प्रिंट निघाली नाही तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जागेवर आहे. निघाली तर पुढच्या कामाला एप्रिलचा मुहूर्त धरा. मार्चचा हिशेब तोवर मिटलेला असतो आणि खत-बियाण्यांची गर्दी सुरू व्हायची असते. त्याआधी मात्र टॅलीचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर घ्या, आणि त्यातला एक घरी ठेवा.