खाऱ्या पाण्याचा संप

समुद्रातले मासे काही लोक घरी काचेच्या टाकीत पाळतात. मासे त्याच पाण्यात खातात, त्यातच घाण करतात. म्हणून आपण खाली दुसरी टाकी ठेवू. तिला संप म्हणतात. काम बंद पाडणारा संप नव्हे; हा तर रात्रंदिवस राबतो!

वरचे पाणी नळीने संपात उतरते. स्पंजात गाळ अडतो. पुढे भोकाभोकांच्या दगडांवर बारीक जंतू असतात. ते घाणीतले विष कमी करतात. मग पंप पाणी वर चढवतो.

पण वीज गेली तर? पंप थांबतो, वरचे पाणी मात्र थोडा वेळ उतरतच राहते. संप काठोकाठ भरलेला असेल, तर घरभर खारे पाणी! म्हणून मासे सोडण्याआधी आपण बटण मुद्दाम बंद करून पाहू. पाणी उतरायचे थांबले, की काठाखाली चार बोटे जागा उरली पाहिजे. नाही उरली, तर संपातले पाणी कमी करू.