पाते तेच, दांडा नवा

वरणगावातल्या मेडिकलवर मिळणारी अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल म्हणजे जुन्या पेनिसिलिनचेच बदललेले रूप. हा बदल घडवण्यात विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, मोठा हात असतो. त्याविषयीचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : नवे अँटिबायोटिक म्हणजे अगदी नवा शोध.
वस्तुस्थिती : बुरशीपासून मिळणाऱ्या पेनिसिलिन-जीची बाजूची साखळी काढली की ‘सिक्स-एपीए’ हा गाभा उरतो. १९५७ मध्ये ब्रिटनच्या बीचम कंपनीतील शास्त्रज्ञांनी तो वेगळा केला. त्याला निराळ्या साखळ्या जोडून १९६१ मध्ये अँपिसिलिन आले, १९७२ मध्ये अमॉक्सिसिलिन. कुऱ्हाडीचे पाते तेच, दांडा तेवढा बदलला. पेनिसिलिन-जी जठरातल्या आम्लात नासते. ही दोन्ही तिथे टिकतात, म्हणून तोंडाने घेता येतात.

गैरसमज : पेनिसिलिन तोडणारे विकर औषधाचा घातच करते.
वस्तुस्थिती : जीवाणूंचे बीटा-लॅक्टमेज गाभ्यातले कडेच फोडते आणि औषध निकामी करते. कारखान्यातले पेनिसिलिन ॲसायलेज मात्र कड्याला धक्का न लावता फक्त साखळी सोडवते. हेच काम रसायनांनी करायचे तर फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी लागते. विकराला पाणी आणि सुमारे ३७ अंशांची ऊब पुरते. बारीक मण्यांवर बसवले की ते पुन्हा पुन्हा वापरता येते.

गैरसमज : असले संशोधन परदेशातच होते.
वस्तुस्थिती : पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. तिथल्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी याच विकरावर काम केले. पेनिसिलिन-व्ही ॲसायलेज या त्याच्या भावंडाची रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातही पुण्याच्या प्रयोगशाळेचा वाटा होता.

गैरसमज : पेनिसिलिनची ॲलर्जी असली तरी अमॉक्सिसिलिन चालते.
वस्तुस्थिती : गाभा तोच असल्याने धोकाही राहतो. ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

गैरसमज : जास्त पॉवरचे औषध सर्दीलाही लागू पडते.
वस्तुस्थिती : हा गाभा जीवाणूंना पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही. सर्दी होते विषाणूंमुळे आणि त्यांना पेशीभित्तिकाच नसते. साखळी कितीही बदलली तरी त्यात फरक पडत नाही. उलट, विनाकारण घेतलेल्या कॅप्सूलने साधे जीवाणू मरतात आणि बीटा-लॅक्टमेज बनवणाऱ्यांना रान मोकळे मिळते.