रथ नव्हे, सारथी चुकला

आपल्या नागपुरांत घरोघरीं मुंजींच्या, लग्नांच्या व वडील माणसांच्या आवाजाच्या तबकड्या कपाटांत जपून ठेविलेल्या असतात. एके दिवशीं डीव्हीडी ड्राइव्हचें चिन्हच संगणकाच्या पडद्यावरून नाहींसें होतें, आणि आपण सीताबर्डीच्या बाजारांत नवा ड्राइव्ह घेण्यास निघतों. वाचकांनीं क्षणभर थांबावें.

ड्राइव्ह हा रथ मानिला, तर ड्रायव्हर नांवाची आज्ञावली ही त्याचा सारथी होय. रथ धड असूनही सारथी गोंधळला तर प्रवास खुंटतोच. विंडोजमधील ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून पाहावें. तेथें ड्राइव्हच्या नांवावर पिवळी खूण असून १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ हा अंक आढळल्यास दोष बहुधा सारथ्याचा समजावा. नांवच न दिसल्यास आधीं तारेची जोडणी तपासावी. नांवावर माउसची उजवी कळ दाबून ‘अनइन्स्टॉल’ करावें व संगणक पुन्हां सुरू करावा. विंडोज आपला ड्रायव्हर आपणच बसवितें.

एवढ्यानें न भागल्यास, तबकड्या लिहिण्याच्या एखाद्या सॉफ्टवेअरनें मागें ठेविलेल्या ‘अप्पर फिल्टर्स’ व ‘लोअर फिल्टर्स’ या नोंदी रजिस्ट्रींतून काढाव्या लागतात. मात्र त्या सीडी-डीव्हीडीच्या विभागांतीलच असाव्यात, व रजिस्ट्रीची प्रत आधीं काढून ठेवावी. हें काम घरांतील जाणत्या मुलाकडून वा सुनेकडून करवून घेणें उत्तम.

ड्राइव्ह चालूं लागतांच आळस करूं नये. तबकडीही नश्वरच आहे. तींतील सर्व कांहीं त्याच दिवशीं दुसरीकडे उतरवून घ्यावें. ड्राइव्ह बाजारांत मिळतो. गेलेल्या माणसाचा आवाज मिळत नाहीं.